बसऱ्याला गेलेला माणूस

३ ऑगस्ट २०२५, रविवार
पूनम सागर, मीरा रोड

बहिणीचा मुलगा नोकरीनिमित्त डर्बनला असतो. त्यानं काल रात्री इसांडलवानाचे फोटो पाठवले. एकटा उभा असलेला डोंगर, पायथ्याशी थंडीनं पिवळं पडलेलं गवत आणि त्या गवतात ठिकठिकाणी पांढरे रंगवलेले दगडांचे ढीग. जिथे प्रेतं सापडली तिथेच पुरली, वर दगड रचले. २२ जानेवारी १८७९ या दिवशी झुलूंच्या सुमारे वीस हजारांच्या फौजेनं इंग्रजांची ही छावणी काही तासांत कापून काढली. छावणीतली तेराशेहून जास्त माणसं मेली. त्यांतल्या गोऱ्या शिपायांच्या नावनिशीवार याद्या आहेत. वेल्स-इंग्लंडमधून त्यांचे वंशज अजून येतात, पणजोबाचं नाव कागदावर लिहून आणतात. इंग्रजांच्याच बाजूनं लढून त्याच दिवशी मेलेल्या नाताळ वसाहतीतल्या शेकडो आफ्रिकी शिपायांसाठी असं काही नाही. झुलू योद्ध्यांचं स्मारक, वीराच्या गळ्यातल्या माळेच्या आकाराचं, उभं राहायला १९९९ साल उजाडलं.

ही लढाई ज्याच्या खलित्यानं ओढवली तो आपल्या ओळखीचा माणूस. सर बार्टल फ्रिअर. आधी साताऱ्याचा रेसिडेंट, मग १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर. मुंबईच्या कोटाच्या भिंती त्याच्याच अमदानीत पडल्या. डिसेंबर १८७८मध्ये त्यानं झुलू राजा सेत्श्वायोला सैन्य मोडून टाकायला सांगणारा निर्वाणीचा खलिता धाडला. कुठलाही राजा तो मान्य करणं शक्यच नव्हतं.

फोटोंच्या खाली भाच्यानं विचारलंय, ‘मावशी, आपले बसऱ्याचे आजोबा नक्की कुठे पडले?’

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पानिपतात कोण कुठे पडलं ते मुलींकडून पाठ करून घेतलं. या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंय.

६ ऑगस्ट

घरात जे आहे ते आधी लिहून काढते.

माझे पणजोबा, वडिलांचे आजोबा. गाव खेड तालुक्यातलं. पलटणीत शिपाई होते. पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले ते परत आले नाहीत. तेव्हा माझे आजोबा पाळण्यात होते. लढाईनंतर शेजारच्या गावचा एक शिपाई परत आला. त्यानं पणजीला सांगितलं, ‘मातीच्या किल्ल्यात पडला.’ एवढंच. बसऱ्याचा किल्ला, असं मग घरात रूढ झालं.

पणजी मी पाहिलेली आहे. मी सातवीत असताना ती गेली. नऊवारी, बोडकं कपाळ, आणि आवाज असा की आंब्यावर चढलेलं पोर आपोआप खाली यायचं. पेन्शनीचे पैसे आले की ती आधी मीठ आणि काड्यापेट्या आणायला लावायची. घरात खजूर येऊ द्यायची नाही. कोकणच्या बाजारात खजूर यायचा तो बसऱ्याचा. कुणी आणलाच तर ती काही बोलत नसे, उठून मागच्या पडवीत जाऊन बसायची. लहानपणी मला वाटायचं, तिला तो आवडत नसेल.

त्या काळात शिपायाला महिना अकरा रुपये पगार होता. डोंगरउताराची वरकस जमीन आणि तीही खोताची. नाचणी-वरी पिकवायची, त्यातलंही खोताला घालायचं. तरुण माणसाला दोनच वाटा होत्या, मुंबईची गिरणी किंवा पलटण. पणजोबांनी पलटण धरली. त्यात राजनिष्ठा वगैरे शोधायला मी तयार नाही.

११ ऑगस्ट

काळा घोड्याला गेले. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात चौकशी केली आणि बाहेर पडून समोरच्या बाजूला, वस्तुसंग्रहालयाच्या घुमटाकडे, बराच वेळ पाहत राहिले. ते म्युझियम लोकांसाठी उघडलं १० जानेवारी १९२२ला. त्याआधी, लढाईच्या काळात, ही नवीकोरी इमारत लष्करी इस्पितळ होती. मेसोपोटेमियातून जहाजांनी आणलेले जखमी या दालनांमध्ये खाटांवर पडलेले असत. आज जिथे शाळेच्या मुलांना रांगेत उभं करून मूर्ती दाखवतात तिथे.

मोहीम इथूनच निघाली होती. ऑक्टोबर १९१४मध्ये मुंबई बंदरातून पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड निघाली, ६ नोव्हेंबरला फाओला उतरली. सहावी पुणे डिव्हिजन म्हणजे पुणे, अहमदनगर आणि बेळगाव या तीन ब्रिगेड. त्यांत मराठ्यांच्या तीन पलटणी, १०३, ११० आणि ११७. इराणच्या तेलाचं रक्षण हे मूळ काम. ते काम काही आठवड्यांत झालं होतं. मग नदीनं वर वर जायची हाव सुटली. कुर्णा, अमारा, कूत, आणि शेवटी बगदाद. माणसं, नावा, औषधं काहीच पुरेसं न देता.

नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफॉनला, म्हणजे सलमान पाकला, तुर्कांशी लढाई झाली. जनरल टाउनशेंडचं निम्म्याच्या जवळपास लढाऊ सैन्य जायबंदी झालं किंवा मेलं. जखमींना लोखंडी पट्ट्यांच्या, बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नदीकाठी आणलं आणि बोटींच्या उघड्या डेकवर कोंबलं. त्यातली एक बोट बसऱ्याला लागताना मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरनं पाहिली. लांबून त्याला बोटीच्या कडेनं दोर लोंबताहेत असं वाटलं. जवळ आल्यावर कळलं, ती हगवणीनं बेजार माणसांची वाळलेली घाण आहे. त्यानं तसं लेखी कळवलं तर वरिष्ठांनी त्यालाच दमात घेतलं. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७मध्ये अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला.

परतीच्या लोकलमध्ये बोरिवलीपर्यंत उभी होते. डोक्यात ती बोट होती.

१९ ऑगस्ट

कालपासून पाऊस थांबायचं नाव घेत नाही. गाड्या बंद पडल्यात, खाली रस्त्यावर पाणी. दिवसभर कूतच वाचलं.

टेसिफॉनहून माघार घेत टाउनशेंड ३ डिसेंबर १९१५ला कूत-अल-अमाऱ्याला पोचला. तैग्रिस नदी तिथे मोठं वळण घेते, तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला उघडं मैदान. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा पुरा केला. गावात हजारो अरब रहिवासीही अडकले, बायकापोरांसकट. १४७ दिवस. सोडवायला आलेल्या फौजेची तेवीस हजारांच्या आसपास माणसं कामी आली किंवा जखमी झाली, पण ती पोचू शकली नाही. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकली, त्यातली काही नदीत पडली. घोडे कापून खायची वेळ आली. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस नाकारलं आणि स्कर्व्हीनं खंगले. शेवटी पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेल्या लॉरेन्ससह काही अधिकाऱ्यांनी सुटकेसाठी तुर्की सेनापती खलील पाशाला वीस लाख पौंड देऊ केले. त्यानं ते धुडकावले. २९ एप्रिल १९१६ला सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. हिंदी कैद्यांपैकी बरेचसे रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर गेले. त्या छावणीचं वर्णन शिशिर सर्वाधिकारी या बंगाली परिचारकानं आपल्या दैनंदिनीत केलंय. नाव आहे ‘अभी ले बगदाद’. बंगालीकडे निदान तेवढं आहे.

आणि मध्येच एका ओळीपाशी थांबले. कूतच्या संरक्षण-रेषेच्या ईशान्य टोकाला, नदीकाठी एक मातीच्या भिंतींचा किल्ला होता. त्यात सतरावी ब्रिगेड होती, म्हणजे अहमदनगरची. एक गोरी पलटण, ११९वी इन्फंट्री आणि १०३वी मराठा लाइट इन्फंट्री.

मातीचा किल्ला.

बसऱ्याला असा किल्ला कधीच नव्हता की ज्यावर मराठे लढले. शेजारच्या गावचा तो शिपाई बरोबर बोलत होता. घरच्यांनी किल्ला लक्षात ठेवला आणि गावाचं नाव ओळखीचं लावलं.

२३ ऑगस्ट

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दापोलीकडचे एक चाचा राहतात, जहाजावरून निवृत्त झालेले. मी हे सगळं शोधतेय म्हटल्यावर ते म्हणाले, ‘बाई, आमच्याकडचा पण एक गेलाय त्या लढाईत. माझ्या दादाचा सख्खा भाऊ. बोटीवर आगवाला होता, बोट बुडवली जर्मनानं.’ कोळशाच्या भट्टीशी काम करणाऱ्याला आगवाला म्हणतात. टॉर्पेडो लागला की सगळ्यात आधी पाणी शिरतं ते त्यांच्यात.

आज त्यांच्याबरोबर मशीद बंदरला गेले. पी. डि’मेलो रोडवर इंडियन सेलर्स होम आहे. तिथे पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांची नावं ब्राँझच्या फलकांवर कोरलेली आहेत. समुद्रात गेलेली माणसं, कबर नाही, म्हणून नावं. या रस्त्याचं जुनं नाव फ्रिअर रोड. भाच्याला कळवायला हवं.

चाचांनी चष्मा पुसला आणि पहिल्या फलकापासून वाचायला सुरुवात केली. अब्दुल, इब्राहिम, हसन, एकेक नाव पुन्हा पुन्हा. त्यांच्या दादाच्या, म्हणजे आजोबांच्या, भावाचं नावही एकदा नाही, बऱ्याच वेळा आलं. त्यातला आपला कोणता हे सांगायला बोटीचं नाव हवं, ते घरात कुणाला आठवत नाही. चाचांनी थोडा वेळ विचार केला. मग टोपी नीट बसवली, हात उघडले आणि त्या नावाच्या सगळ्यांसाठी फातिहा पढले.

परत येताना गाडीत म्हणाले, ‘बोटीचं नाव मी काढतो. कंपन्यांची दफ्तरं असतात.’

२९ ऑगस्ट
खेड

गणपतीला गावी. उकडीचे मोदक, पत्त्यांचे डाव, रात्री जाखडी. आरती झाल्यावर मी भावाला म्हटलं, दादा, पणजोबांचं काय काय आहे ते काढ. त्यानं माळ्यावरून पत्र्याची ट्रंक उतरवली.

एका जुन्या धोतराच्या फडक्यात दोन वस्तू. पहिली ब्राँझची चकती, निरांजनाच्या ताटलीएवढी. काळवंडलेली, जड. ब्रिटानिया उभी आहे, हात पुढे करून हार धरलाय. पुढ्यात सिंह. दोन बाजूंना दोन डॉल्फिन. अगदी खाली, नखाएवढा दुसरा सिंह एका गरुडाचा घास घेतोय, गरुड म्हणजे जर्मनी. कडेनं इंग्रजी अक्षरं आहेत, हा स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला, अशा अर्थाची. उजवीकडे चौकोनी पट्टीत उठावाची अक्षरं, पणजोबांचं नाव. हुद्दा नाही. जनरल असो की शिपाई, साम्राज्यात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी हीच चकती गेली, तेरा लाखांहून जास्त ओतल्या गेल्या.

स्वातंत्र्य हा शब्द बोटानं चाचपून पाहिला. ही चकती पणजीच्या हाती पडली तेव्हा जालियनवाला बाग झालेली होती किंवा होणार होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. ती वर्षानुवर्षं ही चकती लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवायची असं दादा सांगतो. मला त्यात गैर काही वाटलं नाही.

दुसरी वस्तू विजयपदक, इंद्रधनुषी फितीचा नुसता चिंधूक उरलेला. चांदीचं पदकही होतं. ते आत्याच्या लग्नात आटवून जोडवी केली. विजयपदक ब्राँझचं, म्हणून वाचलं. वहिनीनं बॅटरी धरली, मी भिंग लावलं. पदकाची कड फिरवत गेले. आधी आकडे. मग शिपाई हा हुद्दा. मग नाव, इंग्रज कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. आणि शेवटी पलटण.

१०३, मराठा लाइट इन्फंट्री.

दादा म्हणाला, ‘म्हणजे?’ मी म्हटलं, म्हणजे मातीचा किल्ला खरा.

४ सप्टेंबर
पूनम सागर

सापडले.

राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी आता कुणालाही पाहता येतात. नावानं शोधत बसले असते तर जन्म गेला असता. पदकावरचा शिपाई-नंबर आणि पलटण, या दोन गोष्टींनी कुलूप उघडलं. शिपाई. १०३ मराठा लाइट इन्फंट्री. मृत्यू २४ डिसेंबर १९१५. बापाचं नाव. गाव, खेड, रत्नागिरी. आणि त्याखाली, ‘हिचा पती’ म्हणून पणजीचं नाव. ज्या बाईनं जन्मात सही केली नाही तिचं नाव आयोगाच्या दफ्तरात बसलंय. मी मोठ्यानं वाचलं. आमचे हे स्वयंपाकघरातून बाहेर आले, त्यांनीही वाचलं.

२४ डिसेंबर हा किल्ल्यावरच्या हल्ल्याचा दिवस. सकाळपासून तुर्कांच्या तोफांनी मातीची भिंत फोडून काढली. दुपारी अनातोलियातून नुकतीच आलेली ५२वी डिव्हिजन ईशान्येच्या बुरुजावर चालून आली. भगदाडातून आत शिरलेल्यांशी संगिनींनी लढाई झाली, मुरंब्याच्या डब्यांत दारू ठासून केलेले बाँब फेकले गेले. रात्री पुन्हा हल्ला झाला. पहाटेपर्यंत किल्ला टिकला. दिवसा पडले की रात्री, ते नोंदीत नसतं.

पुढची भूक आणि रास-अल-ऐनचा रस्ता त्यांच्या वाट्याला आला नाही. असं मनात आलं आणि मग पणजीचा चेहरा आठवला.

८ सप्टेंबर

नोंदीत स्मारकाचं नाव आहे, बसरा मेमोरियल. म्हणजे घरच्यांचा बसरा पुरता चुकीचा नव्हता. मेसोपोटेमियात ज्यांची कबर नाही अशा चाळीस हजारांहून जास्त माणसांचं ते स्मारक, मार्च १९२९मध्ये उघडलेलं. आधी बंदराजवळ होतं, १९९७मध्ये सद्दामच्या हुकमानं सगळं उचलून वाळवंटात नासिरियाच्या रस्त्यावर नेलं.

त्या भिंतीवर पणजोबांचं नाव नाही. गोऱ्या शिपायांची नावं आहेत. हिंदी पलटणींच्या फलकांवर अधिकाऱ्यांची नावं आहेत. त्याखाली साध्या शिपायांसाठी ‘आणि इतर इतके हिंदी शिपाई’ एवढाच आकडा. दफ्तरात बाप, बायको, गाव सगळं असताना.

दगड महाग पडला असता, हे कारण मी मानत नाही. फ्रान्समध्ये नव-शापेलला हिंदी सैन्याचं स्मारक आहे, १९२७चं. तिथे चार हजार सातशेहून जास्त नावं आहेत आणि शिपायांची नावं कोरलेली आहेत. तोच आयोग, तेच सैन्य, अवघं दोन वर्षांचं अंतर. युरोपातल्या माणसांच्या नजरेसमोर नाव दिलं आणि बसऱ्याच्या उन्हात आकडा दिला. त्याच्याही शंभर वर्षं मागे जा. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर, १ जानेवारी १८१८च्या लढाईत कंपनीच्या बाजूनं पडलेल्या शिपायांची नावं आहेत, नावांमागे ‘नाक’ लागलेले बावीस महार शिपाई त्यात आहेत. कंपनी सरकारला साधा शिपाई नावानिशी लिहिता आला होता. त्या स्तंभाभोवती दर वर्षी लाखो माणसं जमतात ती त्या नावांसाठी. आकड्याभोवती कोण जमणार?

आयोगानं २०२१मध्ये स्वतःच अहवाल काढून हे मान्य केलं. निदान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं, मुख्यतः आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतली, नावानिशी किंवा अजिबातच स्मरली गेली नाहीत. इसांडलवानाचे ते आफ्रिकी शिपाई या हिशोबातही येत नाहीत, ते फार आधीचे. भाच्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, पुढच्या खेपेला तो तिथल्या वाटाड्याला त्यांच्याबद्दल विचारणार आहे.

१५ सप्टेंबर

रात्री झोप आली नाही. त्या भगदाडातून आत येणारी मुलंही शेतकऱ्यांचीच होती. अनातोलियाच्या कुठल्याशा खेड्यात एखादी बाई अशीच राहिली असेल. किल्ल्यासमोर पडलेली तुर्की प्रेतं कित्येक दिवस तशीच होती, कारण मधल्या जागेत जायची सोय नव्हती. आणि कूत गाव ज्यांचं होतं ते अरब, त्यांच्यातल्या काहींना इंग्रज शरण गेल्यावर तुर्कांनी फासावर चढवलं.

पणजोबांनी कुणाला मारलं असेल का, हा प्रश्न मी शाळेत कधी कुणाला विचारू दिला नव्हता. आता स्वतःला विचारते. मारलं असणार. त्या बुरुजावर दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ते माझे आहेत, म्हणून हेही माझं आहे.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

आमच्या घरी पणजोबांचं पान नेहमी आजच्या दिवशी वाढलं गेलं. तिथी माहीत नाही त्याची सर्वपित्रीला. इतकी वर्षं.

गेल्या आठवड्यात गुरुजींना २४ डिसेंबर १९१५ ही तारीख दिली होती. त्यांनी गणित करून सांगितलं, शके १८३७, त्या दिवशी सूर्योदयाला मार्गशीर्ष वद्य तृतीया. दादाला फोन केला. तो गप्प झाला, मग म्हणाला, ‘आत्याला सांग.’ आत्या नव्वदीच्या पुढे आहे, तीच ती जोडवीवाली. तिला सगळं सांगितलं. किल्ला, तारीख, तिच्या आजीचं नाव दफ्तरात आहे ते. तिनं विचारलं, ‘रात्री गेला की दिवसा?’ मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. ‘मग तिथी तृतीयाच धरा,’ ती म्हणाली, ‘आणि आजचं पान बंद करू नका. त्याच्या पलटणीत ज्यांचं कुणी नाही त्यांना होईल.’

पान वाढलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा. कावळा आमच्या खिडकीच्या ग्रिलवर लगेच येतो, त्याचं कौतुक नाही.

दुपारी चाचा आले. बोटीचं नाव मिळालं नाही, पण बोट कुठल्या कंपनीची ते त्यांच्या चुलतबहिणीनं सांगितलं. पुढच्या बुधवारी आम्ही त्यावर बसणार आहोत. यंदा मार्गशीर्ष वद्य तृतीया ७ डिसेंबरला येते, रविवार आहे. दादाला एसटीची तिकिटं काढायला सांगितलीत, आत्या धरून पाच.